दृष्टीची राखण : ताटात, अंगणात आणि शेतात

जमाखर्चाची पत्रके आणि शस्त्रक्रियांचे तक्ते यांच्या सोबतीने एखादा आरोग्यविषयक लेख अहवालात द्यावा, अशी प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. यंदा नेत्ररक्षण हा विषय निवडण्यास एक लहानसे निमित्त घडले. आमच्या एका हितचिंतकांनी आश्रमशाळेतील मुलांना गाजरे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटण्याची इच्छा व्यक्त केली आणि शेवटी विचारले, "याने मुलांचे चष्मे सुटतील ना?" प्रश्न सद्भावनेचा होता. उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागले. ते देताना जाणवले की, आहाराने डोळ्यांचे काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतही पुष्कळ गोंधळ आहे. या गोंधळापायी रुग्ण वर्ष-वर्ष घरगुती उपाय करीत बसतात आणि आमच्याकडे येतात तेव्हा हातून वेळ निघून गेलेली असते. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

दिवेलागणीनंतर चाचपडणारे मूल

अन्नाचा आणि दृष्टीचा सर्वांत थेट संबंध जीवनसत्त्व 'अ'च्या ठायी दिसतो. डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद उजेडात पाहण्यासाठी असतात. या दंडाकार पेशींत रोडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते तयार होण्यासाठी जीवनसत्त्व 'अ' लागते. प्रकाश पडला की हे द्रव्य विघटित होते आणि अंधारात पुन्हा घडते. भर उन्हातून माजघरात शिरल्यावर प्रथम काही दिसत नाही आणि मग हळूहळू वस्तू दिसू लागतात, तो हाच व्यापार होय. तो पूर्ण होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. या प्रक्रियेचा उलगडा करणारे जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शरीरात 'अ' जीवनसत्त्वाचा साठा संपत आला की हे रंगद्रव्य पुरेसे बनत नाही आणि मूल संध्याकाळनंतर अडखळू लागते. आमच्या एका शिबिरात एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी : "दिवसा उंडारतं, पण दिवेलागण झाली की भिंत धरून बसतं. भित्रं झालंय." मूल भित्रे झाले नव्हते, त्याला दिसत नव्हते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बाहेरच्या बाजूस, साबणाच्या फेसासारखा करडा-पांढरा ठिपका होता. एकोणिसाव्या शतकात बिटॉट नावाच्या फ्रेंच वैद्यांनी वर्णन केल्यामुळे हे ठिपके त्यांच्या नावाने ओळखले जातात. या टप्प्यावर उपचार झाले तर रातांधळेपणा दोन-चार दिवसांत हटतो. आजींचा नातू तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात चेंडू खेळला, असे आशाताईंनी आम्हांस कळविले.

त्याच्या पुढचा टप्पा भयंकर असतो. डोळ्याचा ओलावा जातो, बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, निस्तेज होते आणि मग ते अक्षरशः विरघळू लागते. गोवर किंवा दीर्घ अतिसार झालेल्या कुपोषित बालकात हे काही दिवसांतच घडू शकते आणि त्यानंतर गेलेली दृष्टी कोणत्याही आहाराने परत येत नाही. हे जीवनसत्त्व केवळ डोळ्यांचे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतात केलेले संशोधन १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यात जीवनसत्त्व 'अ'चे डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले.

आपल्या देशात १९७० पासून बालकांना हे जीवनसत्त्व तोंडावाटे देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. सध्याच्या वेळापत्रकानुसार नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिटांचा पहिला डोस आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटांचा डोस, असे एकूण नऊ डोस विनामूल्य मिळतात. पहिला डोस लसीबरोबर असल्याने सहसा चुकत नाही. पुढचे चुकतात. विशेषतः ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घर सोडून कारखान्याच्या परिसरात जाणाऱ्या कुटुंबांची मुले गावच्या अंगणवाडीच्या यादीत असतात, आणि कोपीवर कोणाच्याच यादीत नसतात. अशा कुटुंबांना आमची विनंती एवढीच, की बाळाचे लसीकरण कार्ड गाठोड्यात बरोबर न्यावे आणि जेथे मुक्काम असेल तेथील आरोग्यसेविकेस दाखवावे. डोस कोणत्याही गावात मिळतो.

मोठ्या माणसांनी मात्र हे डोस मनाने घेऊ नयेत. 'अ' जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अति झाल्यास अपाय करते. गर्भवतीने मोठ्या मात्रेत घेतल्यास गर्भाला व्यंग येण्याचा धोका असतो.

गाजराची कीर्ती

गाजर आणि दृष्टी यांची सांगड घरोघरी घातली जाते. तिला मोठा हातभार लागला तो दुसऱ्या महायुद्धात. जॉन कनिंगहॅम या ब्रिटिश वैमानिकाने रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडली, तेव्हा त्याच्या तीक्ष्ण नजरेचे श्रेय गाजरांना देणारा प्रचार ब्रिटनमध्ये झाला. प्रत्यक्षात त्याच्या विमानात रडार बसविलेले होते आणि ते गुपित ठेवायचे होते. गाजरात बीटा कॅरोटीन असते, शरीर त्याचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करते, आणि ज्याच्या शरीरात त्याची उणीव आहे त्याला गाजराने लाभ होतो, एवढे खरे. ज्याला उणीव नाही त्याची दृष्टी गाजराने अधिक तीक्ष्ण होत नाही आणि चष्म्याचा नंबर तर मुळीच उतरत नाही. नंबर हा डोळ्याच्या लांबीशी आणि आकाराशी निगडित आहे. त्याला जेवणाने आखूड करता येत नाही.

शिवाय, महाराष्ट्रातल्या घराला गाजराची वाट पाहण्याचे कारणही नाही. परसातील शेवग्याचा पाला, माठ, मेथी, चाकवत, राजगिरा, अळू, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, कोथिंबीर, कढीपत्ता या सर्वांत बीटा कॅरोटीन विपुल असते. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला शेळीपुढे टाकतो, हे आम्हांस नेहमी विपरीत वाटते. पिकलेला आंबा, पपई आणि तांबडा भोपळा हेही उत्तम. येथे रंगाने फसू नये : बिटाचा लाल रंग आणि हळदीचा पिवळा रंग यांचा 'अ' जीवनसत्त्वाशी संबंध नाही, आणि उपवासाला आपण उकडतो ते आतून पांढरे रताळे या बाबतीत फारसे उपयोगाचे नाही, आतून केशरी असलेली जात मात्र उत्कृष्ट.

पालेभाजीतील कॅरोटीन अंगी लागण्यासाठी दोन गोष्टी लागतात. भाजी बारीक चिरून शिजविलेली असावी आणि तिच्यात थोडी स्निग्धता असावी, कारण हे द्रव्य तेला-तुपाबरोबरच आतड्यातून शोषले जाते. आपल्या आयांची लसणाची फोडणी या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे. पथ्य म्हणून बिनतेलाची, नुसती उकडलेली भाजी लहान मुलाला देण्यात तोटा आहे. तयार स्वरूपातील 'अ' जीवनसत्त्व दूध, लोणी, तूप, अंड्याचा बलक, मासळी आणि सर्वाधिक प्रमाणात कलेजी यांतून मिळते. रातांधळेपणावर यकृत खाण्यास देण्याचा उपाय सुश्रुतसंहितेतही आला आहे, हे वाचून मांसाहार करणाऱ्या वाचकांना आनंद होईल आणि न करणाऱ्यांनी शेवग्याकडे वळावे. २०१८ च्या नियमांनुसार खाद्यतेल व दूध यांत 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे मिसळलेली असल्यास वेष्टनावर तसे चिन्ह असते, तेही पाहून घ्यावे. नवजात बाळासाठी पहिल्या तासात पाजलेला चीक हा 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला साठा होय. तो 'जड' म्हणून पिळून टाकण्याची चाल अजून पूर्णतः गेलेली नाही.

वृद्धांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, म्हणजे पीतबिंदूचा, ऱ्हास होतो. त्यावर दुकानांत अनेक महागड्या गोळ्या मिळतात. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली आले : विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या मिश्रणाने, मध्यम अवस्थेतील रुग्णांत हा विकार तीव्र होण्याचे प्रमाण पाच वर्षांत सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाले. २०१३ साली त्याच मालिकेतील दुसऱ्या अभ्यासानंतर बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही द्रव्ये वापरावीत असे ठरले, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना हा विकारच नाही त्यांना या गोळ्यांनी तो टळतो, असे मात्र दिसलेले नाही. हीच द्रव्ये हिरव्या पालेभाज्या, पिवळा मका आणि अंड्याचा बलक यांत असतात. निरोगी माणसाने दरमहा गोळ्यांवर खर्च करण्यापेक्षा भाजीवालीकडून एक जुडी अधिक घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साखर

आज आमच्या नेत्रविभागात ज्या विकाराची आम्हांस सर्वाधिक चिंता वाटते तो उपासमारीतून आलेला नसून मधुमेहातून आलेला आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, पाझरू लागतात, काही बंद पडतात. त्यांच्या जागी नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि एके दिवशी त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. हे सारे घडत असताना रुग्णाला दुखत नाही, खुपत नाही आणि बहुतेक काळ उत्तम दिसतही असते. "मला तर पेपर वाचता येतो" असे सांगणाऱ्या गृहस्थांच्या दृष्टिपटलावर आम्ही अनेकदा रक्ताचे डाग पाहिले आहेत.

यासाठी मधुमेहाचे निदान होताच, आणि त्यानंतर वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. लहानपणी किंवा तरुणपणी इन्सुलिनवर गेलेल्या रुग्णांनी ती निदानानंतर पाच वर्षांनी सुरू करावी. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर तिची तपासणी लगेच व्हावी, कारण गर्भारपणात हा विकार वेगाने वाढू शकतो. चष्म्याचा नंबर काढणे आणि दृष्टिपटल तपासणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असे समजू नये.

आहाराची खरी कसोटी येथे लागते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, मोजका भात, जेवणानंतरचे चालणे आणि चहातील साखरेचा हिशेब या नित्याच्या गोष्टी दृष्टिपटलासाठी कोणत्याही 'नेत्रटॉनिक'पेक्षा अधिक करतात. अर्थात भाकरीतही पिष्ट असतेच. तीन भाकऱ्या खाऊन 'मी गहू सोडला' असे म्हणण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या दीर्घ अभ्यासाने १९९८ साली दाखवून दिले की साखरेइतकाच रक्तदाबही काबूत ठेवल्यास डोळ्यांची हानी कमी होते. म्हणून लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही या हिशेबात धरावे.

एक व्यावहारिक सूचना. साखर एकदम चढली वा उतरली की डोळ्यातील नेत्रभिंगाचा आकार तात्पुरता बदलतो आणि चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा भासतो. अशा वेळी केलेला चष्मा महिनाभरात निरुपयोगी ठरतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा करावा, म्हणजे पैसे वाचतील.

आजोबांची चाळिशी का सुटली

"सत्तरी आली, पण आता चष्म्याशिवाय पोथी वाचतो," असे कौतुकाने सांगणारे आजोबा आमच्याकडे येतात आणि त्याचे श्रेय कोणी त्रिफळ्याला, कोणी अनवाणी चालण्याला देते. कित्येकदा कारण वेगळेच निघते. नेत्रभिंगाच्या गाभ्याला मोतीबिंदू होऊ लागला की तो घट्ट होतो, डोळा काहीसा निकटदृष्टी बनतो आणि जवळचे वाचन चष्म्याविना जमू लागते. लांबचे मात्र धूसर होत जाते. ही सूट काही काळाचीच असते.

मोतीबिंदू हा आपल्या देशातील अंधत्वाचे प्रमुख कारण आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हाही होता. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणातही पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश अंधत्व त्यामुळेच आढळले. तो वयाने होतो. धूम्रपान, तीव्र ऊन, मधुमेह आणि स्टेरॉइडांचा अतिवापर यांनी तो लवकर येतो. म्हणजे सवयींनी तो लांबविता येतो, पण एकदा झालेला मोतीबिंदू कोणत्याही थेंबांनी, रसाने वा व्यायामाने विरघळत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. 'पिकू द्या, मग काढू' हा सल्ला पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या काळातील आहे. आज थांबल्याने उपयोग होत नाही, उलट अति पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्यातील दाब वाढवितो आणि असह्य वेदनेसह रुग्ण रात्री-अपरात्री येतो. घरातील वृद्धा देवळाची पायरी चुकू लागल्या, तांदळातील खडे त्यांना दिसेनासे झाले, तर 'वयच झाले' असे म्हणून सोडून देऊ नये.

काचबिंदूविषयी थोडक्यात सांगतो, कारण आहाराचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. डोळ्यातील दाबामुळे दृष्टिचेता झिजते, कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. ज्यांचे आई-वडील वा भावंडे यांना काचबिंदू आहे त्यांनी चाळिशीनंतर नियमित तपासणी करावी आणि थेंब सुरू झाले तर ते आयुष्यभर, बरे वाटत असतानाही, घालावेत.

तंबाखू आणि दारू

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत पीतबिंदूच्या ऱ्हासाचा धोका दुपटीहून अधिक असतो. तंबाखू आणि मद्य यांचे दीर्घ सेवन, त्यात निकृष्ट आहार आणि 'ब-१२' जीवनसत्त्वाचा अभाव यांची भर पडली की दृष्टिचेता दुबळी होते आणि दोन्ही डोळ्यांनी रंग फिके दिसू लागतात. शुद्ध शाकाहारी कुटुंबांत 'ब-१२'ची उणीव पुष्कळ आढळते. दूध-दही पुरेसे असावे आणि गरजेनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. बनावट दारूतील मिथेनॉलबद्दल अधिक काय लिहावे? जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे त्याने शंभरहून अधिक बळी घेतले. अशा दारूतून वाचणाऱ्यांपैकी काहींची दृष्टी कायमची जाते.

अंगण

आता मुलांच्या चष्म्यांकडे येऊ, ज्यापासून हा लेख सुरू झाला. लांबचे न दिसणे, म्हणजे निकटदृष्टिता, शहरी मुलांत वाढत आहे. तिचे एक कारण आनुवंशिक, दुसरे दीर्घकाळ जवळचे पाहणे, आणि तिसरे, ज्यावर आपला सर्वाधिक ताबा आहे ते, मोकळ्या आकाशाखाली न जाणे. चीनमधील ग्वांगचौ शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा मैदानी तास वाढविला. तीन वर्षांनंतर या शाळांत ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास घराबाहेर नेण्याचा कार्यक्रम राबविला आहे. खेळ कोणता याला महत्त्व नाही, उजेडाला आहे. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड दिवाणखान्यातील दिव्याहून अनेक पटींनी अधिक असतो. पाचवीच्या मुलाला शाळेनंतर शिकवणी आणि शिकवणीनंतर संगणकवर्ग असे दिवेलागणीपर्यंत कोंडणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

मोबाइलच्या पडद्याने दृष्टिपटल जळते, ही भीती मात्र निराधार आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. निळा प्रकाश अडविणाऱ्या काचांसाठी जादा पैसे देऊ नयेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही.

मूल शाळेत जाण्यापूर्वी एकदा दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत. एका डोळ्याचा नंबर मोठा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा 'आळशी' होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर तो सुधारतो. नंतर सुधारणा कठीण होत जाते. मुलगी आहे, चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, म्हणून तपासणी टाळणारे पालक आजही येतात. त्यांच्या मुलीचा एक डोळा कायमचा अधू राहतो आणि लग्न ठरते तेव्हा ते कोणी विचारतही नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी एक वाक्य आवश्यक आहे : चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे, बाळ घरी गेले असले तरी.

शेत, चुना आणि औषधाची उरलेली बाटली

उसाचे पाचट, भाताची लोंबी, तुरीची फांदी, मळणीच्या वेळी उडणारा कण. डोळ्याला लागण्याची कारणे एवढीशी असतात. काडी-कचऱ्याबरोबर बुरशीचे बीज पारपटलात शिरते आणि चार-आठ दिवसांत व्रण होतो, बुबुळावर पांढरे फूल पडते. उसतोडीच्या हंगामात पाचट लागून आलेली एक तरुण मजूर स्त्री आमच्या स्मरणात आहे. लागल्यावर पहिल्या दिवशी डोळ्यात बाळंतिणीचे दूध घातले, दुसऱ्या दिवशी मध, आणि तिसऱ्या दिवशी दुकानातून विनाचिठ्ठी मिळालेले थेंब. थेंबांनी लाली उतरली, आराम पडला आणि ती पुन्हा फडात गेली. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडाने लाली झाकली जाते आणि आतील बुरशीला मोकळे रान मिळते. दहाव्या दिवशी ती आली तेव्हा डोळा वाचविणे आमच्या हाती राहिले नव्हते. ती पंचवीस वर्षांची होती.

हे टळण्याजोगे असते. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावातील स्वयंसेवकांना डोळ्याचे ओरखडे ओळखण्यास शिकवून जंतुनाशक मलम लावण्याची व्यवस्था केली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार, इजेनंतर अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. तात्पर्य, लागले त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ऊस तोडताना, मळणीला, वेल्डिंग करताना आणि फवारणी करताना साधा संरक्षक चष्मा घालावा. घामाने त्यावर वाफ धरते हे आम्हांस ठाऊक आहे, तरीही.

खाण्याच्या चुन्याची पुडी वा डबी लहान मुलाच्या हाती देऊ नये. दाबताच ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना, आम्ल वा फटाक्याचे रसायन डोळ्यात गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा ते तीस मिनिटे धुवावा, पापणीखालील कण काढावेत आणि मगच रुग्णालयाची वाट धरावी. आधी धाव आणि मग धुणे, असे झाले की डोळा जातो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या घरगुती बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. असली खेळणी घरात येऊ देऊ नयेत.

या सर्वांत एक समाधानाची गोष्ट नोंदवितो. ज्या खुपऱ्यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत घरटी डोळे घालविले, तो आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. औषधांइतकेच त्यात नळाच्या पाण्याचे, धुतलेल्या चेहऱ्यांचे आणि स्वच्छतागृहांचे श्रेय आहे.

देणगीदारांसाठी

गाजरांच्या बदल्यात काय द्यावे, असे त्या हितचिंतकांनी आम्हांस पुन्हा विचारले. आम्ही वाचनाचे साधे चष्मे सुचविले. आसामातील चहामळ्यांतील चाळिशीपुढील मजुरांना जवळचे दिसण्याचे चष्मे दिले असता त्यांची पाने खुडण्याची क्षमता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक वाढली, असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. गोधडी शिवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, विडी वळणाऱ्या स्त्रियांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याखालोखाल शेतमजुरांसाठी संरक्षक चष्मे आणि आश्रमशाळेच्या आवारात शेवग्याची रोपे. त्यांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या. रोपांना पाणी कोण घालणार, यावर मात्र मुख्याध्यापकांशी अजून बोलणी चालू आहेत.

नेत्रविभागात तपासणीस येताना कृपया घरात असलेल्या डोळ्यांच्या औषधांच्या सर्व बाटल्या, अर्ध्या वापरलेल्याही, सोबत आणाव्यात. जुना चष्मा, मधुमेह व रक्तदाबाचे कागद आणि बालकाचे लसीकरण कार्डही आणावे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. म्हणून त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवीत येऊ नये आणि घरातील कोणास तरी बरोबर आणावे.